एका चित्राने भागत नाही

मित्रांनो, चुंबक म्हटले की तुमच्या डोळ्यांसमोर टाचण्या उचलणारा, घोड्याच्या नालासारखा वाकलेला लाल तुकडा येत असेल. मीही चुंबकच आहे, पण माझ्या पोटात अख्खा माणूस झोपतो. शिकलेले लोक मला एमआरआय म्हणतात. केरकेना बेटांवरून येणारे कोळी मला ‘बोगदा’ म्हणतात, आणि बंदराकडच्या बायका ‘तो ओरडणारा’ म्हणतात. तिन्ही नावे मला चालतात. जे चालत नाही ते वेगळेच आहे, आणि तेच सांगायला मी आज बसलो आहे. बसलो म्हणजे काय, गेली चौदा वर्षे मी एकाच खोलीत बसलेलाच आहे.

माझा जन्म एका थंड मुलखातल्या कारखान्यात झाला. मैलोन्‌मैल लांबीची बारीक तार गुंडाळून माझे शरीर घडवले आणि ती वेटोळी अतिशय थंड अशा द्रव हेलियममध्ये बुडवली. हा थंडावा माझा प्राण आहे. तो गेला की माझे चुंबकत्व गेले, आणि मग मी नुसता सहा टनांचा ठोकळा. पुढे जहाजात बसून मी ट्युनिशियात, स्फाक्सच्या बंदरात उतरलो. रुग्णालयाच्या दारातून मी मावेना, म्हणून मागची भिंत पाडावी लागली. क्रेनने मला आत सोडले तेव्हा रस्त्यावर बघ्यांची एवढी गर्दी झाली होती की भाजलेले चणे विकणाऱ्याची टोपली तासाभरात रिकामी झाली. रुग्णालयाचे नाव मी सांगणार नाही. नाव सांगितले की सगळे त्या नावावर चिडतील आणि पुढे काहीच होणार नाही.

उद्घाटनाला एक मोठे अधिकारी आले होते. वहीदाने त्यांना दाराशीच अडवले. “साहेब, घड्याळ बाहेर काढून ठेवा.” ती तेव्हा तेवीस वर्षांची होती, राजधानीत सहा महिने राहून मला चालवायला शिकून आली होती. साहेब हसले, घड्याळासकट आत आले आणि मला गोंजारून गेले. ते घड्याळ अकरा वाजून वीस मिनिटांवर थांबले ते थांबलेच. त्या दिवसापासून वहीदाचे शहाणपण मला पटले. ते इतरांना पटायला मात्र फार वर्षे लागली.

मी पाहतो कसा, ते थोडक्यात सांगतो. तुमच्या शरीरात बरेचसे पाणीच असते. त्या पाण्यातल्या कणांना मी एका रांगेत उभे करतो आणि हलकासा धक्का देतो. ते आपल्या जागी परतताना फार बारीक कुजबुजतात. ती कुजबुज टिपून संगणक चित्र रंगवतो. म्हणजे लोकांना माझा ठकठकाट ऐकू येतो, पण माझे खरे काम ऐकण्याचेच आहे. स्नायू एका आवाजात बोलतो, चरबी दुसऱ्या, साचलेले पाणी तिसऱ्या. आणि गाठ? गाठ कधी पाण्याचा आवाज काढते, कधी जुन्या व्रणाचा. तिच्यासारखी नकला करणारी मी दुसरी पाहिली नाही.

पहिली काही वर्षे माझे फार कौतुक झाले. फुटबॉलपटूंचे गुडघे पाहिले, गोदीतल्या हमालांचे मणके पाहिले. कोणी बरे होऊन आले की वहीदाच्या टेबलावर खजुराच्या वड्यांचा डबा असे. हळूहळू डबे थांबले आणि रांग वाढली. तीन डॉक्टर चित्रे वाचत असत, त्यातले दोघे परदेशी गेले. उरले एकटे डॉक्टर मुनसिफ. माणूस हुशार. उन्हाळ्यात कानामागे मोगऱ्याचा छोटा गुच्छ खोचून येत. पण एका माणसाने तीन माणसांची चित्रे वाचायची म्हटल्यावर मोगरा दुपारपर्यंत कोमेजायचा आणि डॉक्टरही.

अशा दिवसांत शेदली आला.

तो केरकेनाचा. वय चोपन्न. त्या बेटांभोवती समुद्र इतका उथळ आहे की माणूस कंबरभर पाण्यातून दूरवर चालत जातो. शेदली दोराला मातीची मडकी बांधून तळाशी सोडायचा. ऑक्टोपसला मडके म्हणजे घर वाटते, तो आत शिरतो, आणि सकाळी हा दोर ओढतो. त्याच्या उजव्या मांडीत मागच्या बाजूला लिंबाएवढी गाठ आली होती. होडीच्या काठाचा मार लागला असेल म्हणून त्याने वर्षभर तिच्याकडे पाहिलेच नव्हते. बायको सासियाने त्याला ओढत आणले होते.

“काका, खिशात काही आहे? चावी, नाणी, चाकू?” वहीदाने विचारले.

“चाकू बायकोकडे दिलाय.”

“अंगात कुठं लोखंड? खिळा, छर्रा?”

“एकदा गळ घुसला होता अंगठ्यात. काढला तो.”

“पूर्ण काढला?”

“पोरी, अर्धा अंगठ्यात ठेवून उरलेल्या अर्ध्यानं मी मासे धरणार होतो का?”

तो आत सरकला तेव्हा त्याचे हृदय धडधडत होते, ते मला कळत होते. वहीदाने ध्वनिक्षेपकावरून विचारले, “ठीक आहात ना काका?”

“रोज त्या ऑक्टोपसला मडक्यात बसवतो मी,” तो म्हणाला. “आज कळलं त्याला कसं वाटत असेल.”

“तो आपल्या खुशीनं जातो. तुम्ही फक्त हलू नका.”

तो हलला नाही. वीस मिनिटे दगडासारखा पडून राहिला. असा माणूस लाखात एक मिळतो आणि त्याचे चित्र काढताना मला आनंद होतो. वाईट एवढेच की त्या सुंदर चित्रात जे दिसले ते वाईट होते. वसंतात मोठ्या शल्यविशारदांनी ती गाठ काढली. निघताना ते सासियाला म्हणाले, “ही गाठ परत येण्याची शक्यता आहे. तीन महिन्यांनी एक चित्र काढा, ते आपलं मूळ चित्र. मग दर चार महिन्यांनी नवं काढायचं आणि जुन्याशी ताडून पाहायचं.” सासियाने ते पाठ केले. ती पुढे प्रत्येक माणसाला तेच वाक्य, त्याच क्रमाने म्हणून दाखवायची. कोणी नीट ऐकले असते तर ही गोष्ट इथेच संपली असती.

मित्रांनो, ते मूळ चित्र इतके महत्त्वाचे का? तर शस्त्रक्रियेनंतर आत व्रण असतो, सूज असते, कधी पाणीही साचते. यातले काही माझ्या चित्रात पांढरे चमकते, आणि नवी गाठही तशीच पांढरी चमकते. एकच चित्र पाहून कितीही हुशार माणूस फसू शकतो. पण व्रण दिवसेंदिवस आटत जातो आणि गाठ दिवसेंदिवस वाढत जाते. म्हणून दोन चित्रे शेजारी ठेवायची. एवढी साधी बाब आहे ही. त्याला सहा टनांचे यंत्र लागत नाही, दोन डोळे आणि पाच मिनिटे लागतात.

जूनमध्ये शेदलीची तारीख होती. त्याच आठवड्यात दक्षिणेचा गरम वारा सुटला आणि छतावरचे माझे शीतयंत्र बंद पडले. हेलियम उडून जाऊ लागला. अभियंता आला, म्हणाला एक सुटा भाग हवा. राजधानीला पत्र गेले. राजधानीने विचारले, कोणता भाग? पुन्हा पत्र गेले. मी दहा आठवडे मुका पडून होतो. खोलीत कोणीतरी पाण्याच्या बाटल्यांची खोकी आणून ठेवली, म्हणे जागा रिकामीच आहे.

शेदली आणि सासिया त्या काळात तीनदा आले. एका वेळेला सव्वा तासाची फेरीबोट, मग बंदरापासून पायपीट. नोंदणीची खिडकी माझ्या दारासमोरच आहे आणि तिथे फेथी बसतो. दार उघडे असले की मला सगळे ऐकू येते.

“यंत्र बंद आहे,” फेथी म्हणाला.

“सुरू कधी होणार?” सासियाने विचारले.

“इन्शाल्लाह, लवकरच.”

“मागच्या खेपेलाही तू इन्शाल्लाहच म्हणालास. देवाचं नाव घेतोस ते छान आहे. त्याच्याबरोबर एखादी तारीखही घे की.”

शेवटी मूळ चित्र निघाले सप्टेंबरात. वहीदाने व्रणाच्या दोन्ही टोकांना माशाच्या तेलाची एकेक गोळी चिकटपट्टीने लावली. ती गोळी माझ्या चित्रात ठळक उमटते, म्हणजे आत पाहताना बाहेरचा व्रण कुठून कुठवर आहे ते कळते.

शेदलीने मान वळवून पाहिले. “माशाचं तेल? आमच्याकडे हे पितात.”

“इथं चिकटवतात.”

“सरकारी दवाखान्यात सगळं बाहेरूनच,” तो म्हणाला, आणि पुन्हा दगडासारखा पडून राहिला.

त्या वेळी डायही होता. डाय म्हणजे शिरेतून देतात ते औषध. साचलेल्या पाण्याच्या फक्त काठाला तो लागतो, आत शिरत नाही. गाठ मात्र जिवंत असते, रक्त ओढत असते, म्हणून ती डायही आत ओढून घेते आणि उजळते. शेदलीच्या मांडीत व्रणाची एक बारीक रेघ होती आणि वरच्या टोकाला थोडे पाणी. बस. डॉक्टरांनी लिहिले, नवी गाठ नाही. ते बरोबर होते. वहीदाने चित्रांची सीडी शेदलीच्या हातात दिली आणि म्हणाली, “पुढच्या वेळी घेऊन या.” पण ते तिने गोळ्या कधी घ्यायच्या, व्रणाची काळजी कशी घ्यायची, कोणत्या खिडकीवर शिक्का मारायचा, या सगळ्याच्या मधे कुठेतरी सांगितले. लक्षात राहणार कसे?

त्या हिवाळ्यात रुग्णालयातले संगणक बदलले. जुने संगणक आतल्या चित्रांसकट तळघरातल्या कोठारात नेऊन रचले. “जुनी चित्रं नंतर चढवू,” असे ते बदलणारा म्हणाला होता. ‘नंतर’ हा शब्द या इमारतीत मी इतका ऐकला आहे की कोणी तो उच्चारला तरी माझे वेटोळे आवळते.

फेब्रुवारीत शेदलीची पाळी आली. डाय संपला होता.

“तारीख पुढं ढकलू का, सर?” वहीदाने फोनवर विचारले.

“डायशिवाय काढ,” डॉक्टर म्हणाले. “बाहेर रांग बघ.”

मी काढले. मित्रांनो, मी माझ्याकडून काहीही कमी केले नाही. मांडीचा एकेक पापुद्रा सुटा करून दाखवला. व्रणाच्या खालच्या टोकाला, जिथे सप्टेंबरात काहीही नव्हते, तिथे हरभऱ्याएवढा एक पांढरा ठिपका होता. काचेपलीकडे वहीदाचा हात थांबला. तिने तो भाग मोठा करून पाहिला, मग कागद न छापताच उठली आणि शेजारच्या खोलीत गेली.

“सर, खालच्या टोकाला हे जरा गोल दिसतंय.”

“पाणी आहे. ऑपरेशननंतर साचतं.”

“सप्टेंबरमध्ये इतकं खाली नव्हतं असं मला वाटतं.”

“वाटतं? सप्टेंबरचं चित्र आहे तुझ्याकडे?”

“नाही. ते तळघरात गेलं.”

“मग तुझ्या वाटण्यावर मी काय लिहू? वहीदा, तू चित्रं उत्तम काढतेस. वाचायचं माझ्यावर सोड.”

ती परत आली. पुढच्या रुग्णाला म्हणाली, “खिशात काही आहे?” आवाज नेहमीसारखाच होता, फक्त दोनदा विचारले.

डॉक्टर मुनसिफांवर मी अन्याय करणार नाही. त्यांनी अहवालाच्या शेवटी एक ओळ घातली होती: डाय देऊन महिन्याभरात पुन्हा पाहावे. पण ती ओळ दुसऱ्या पानावर गेली. छपाईयंत्रातून पहिले पान आले, कागद संपला, आणि फेथीने पहिल्या पानाला शिक्का मारून दिला. त्यावर फक्त एवढेच होते की शस्त्रक्रियेनंतरचे बदल दिसतात. सासियाने शल्यविशारदांचे पाठ केलेले वाक्य म्हणून दाखवले. फेथीने वही चाळून पुढची मोकळी तारीख दिली. ऑक्टोबर.

मला राग येतो तो इथे. कोणी दुष्ट नव्हते. कोणी झोपा काढत नव्हते. हरभरा माझ्या चित्रात होता, ओळ कागदावर होती, वहीदाच्या मनात शंका होती, जुने चित्र त्याच इमारतीत माझ्या पायाखाली दोन मजले खाली होते. सगळे काही होते. फक्त एकमेकांजवळ नव्हते. आणि मी इथे ठकठक करत पुढच्या माणसाचा खांदा पाहत होतो. मला माझ्या आवाजाची पहिल्यांदा लाज वाटली. एवढा मोठ्याने ओरडणारा मी, आणि नेमके सांगायचे ते मला सांगता येत नाही.

जूनमध्ये एका सकाळी सासिया एकटीच आली.

“तुमची तारीख ऑक्टोबरची आहे, खाला,” फेथी म्हणाला.

“त्याच्या पायाला ऑक्टोबर माहीत नाही.”

“माझ्या हातात काय आहे सांगा.”

“शिक्का आहे तुझ्या हातात. तो बाजूला ठेव आणि मला जाऊ दे.”

ती खिडकी ओलांडून सरळ माझ्या दारावर आली. वहीदा धावली, कारण सासियाच्या ओढणीला दोन मोठ्या पिना होत्या आणि त्या मी ओढून घेतल्या असत्या. दोघी उंबऱ्यावरच उभ्या राहिल्या.

“काल तो पाण्यातून आला,” सासिया म्हणाली. “तळव्यात समुद्रातल्या काटेरी गोळ्याचे काटे मोडले होते. सात. मी सुई घेऊन एकेक काढत होते, आणि तो टरबूज खात होता. मी विचारलं, दुखत नाही का? तर म्हणतो, काय दुखायचंय?”

वहीदाने मागे वळून संगणकाकडे पाहिले. मग म्हणाली, “मागच्या वर्षी मी एक सीडी दिली होती. ती कुठाय?”

“कुठली?”

“चकचकीत. गोल.”

सासियाने आवाज खाली आणला. “अंजिराच्या झाडावर.”

“कुठं?”

“चिमण्या अंजिरं टोचतात. ती वाऱ्यावर फिरली की चमकते, मग येत नाहीत. कागद मी कपाटात जपून ठेवलाय गं. त्या चकतीवर काही लिहिलेलंच नव्हतं.”

मला वाटले वहीदा आता रागावेल. ती रागावली नाही. “उतरवा,” ती म्हणाली. “पुसू नका, घासू नका, तशीच फडक्यात गुंडाळून आणा. बुधवारी माझ्या जेवणाच्या सुट्टीत दोघं या.”

मग तिने संगणकात फेब्रुवारीचा अहवाल उघडला आणि दुसरे पान पहिल्यांदाच वाचले. ते घेऊन ती डॉक्टरांकडे गेली. “सर, डाय देऊन पुन्हा पाहावे, असं तुम्हीच लिहिलंय.”

“मग झालं का नाही?”

“पान त्यांच्यापर्यंत गेलंच नाही.”

डॉक्टरांनी कागद हातात घेतला, पाहिला आणि मान हलवली. बुधवारी डाय द्यायला त्यांची परवानगी मिळाली. डाय आमच्याकडे तेव्हाही नव्हता. वहीदाने एका खासगी दवाखान्यातल्या मैत्रिणीकडून एक कुपी मागून आणली.

बुधवारी शेदली लंगडत आला. नेहमीसारखा थट्टा करायला गेला, पण तेलाची गोळी चिकटवताना वहीदाचे बोट व्रणाच्या खाली लागले आणि त्याला ते कळले नाही, हे त्या दोघांच्याही लक्षात आले. नंतर कोणी थट्टा केली नाही. मी माझे काम केले. डाय शिरेतून गेला, आणि मी पुन्हा पाहिले.

काचेपलीकडे वहीदा त्या सीडीशी झगडत होती. तिच्यावर चिमण्यांच्या खुणा होत्या, खारट वाऱ्याची पुटे होती आणि मधूनच ओरखडा. तिने कोमट पाण्याने, बोटाच्या टोकाने ती धुतली. संगणकाने तीनदा नाकारली. चौथ्यांदा कुरकुरत घेतली. दोनशे चित्रांपैकी सात उघडली. त्या सातात एक चित्र खालच्या टोकाचे होते. मित्रांनो, असे दैवावर सोडायचे असते का हे?

तिने सप्टेंबरचे चित्र डावीकडे लावले, आजचे उजवीकडे, आणि डॉक्टरांना बोलावले.

“सर, आता वाटत नाहीये. दिसतंय.”

डॉक्टर मुनसिफ आले, खुर्ची ओढून बसले. बराच वेळ पाहत राहिले. “फेब्रुवारीचंही लाव,” ते म्हणाले. वहीदाने ते मधे लावले. पहिल्यात काही नाही. दुसऱ्यात हरभरा. तिसऱ्यात खजुराएवढी गाठ, आतपर्यंत डायने उजळलेली, आणि तिच्या पाठीशी पावलाकडे जाणारा मज्जातंतू चिकटलेला.

डॉक्टरांनी चष्मा काढला. “तू सांगितलं होतंस,” ते म्हणाले.

वहीदाने तिन्ही चित्रे छापायला लावली.

मग ते स्वतः उठून बाहेर बाकावर गेले. दार उघडेच राहिले होते.

“शेदली, गाठ परत आली आहे.”

“आत्ता आली?”

डॉक्टरांना हो म्हणता आले असते. कोणाला कळले नसते. ते म्हणाले, “नाही. फेब्रुवारीत होती. लहान होती.”

“तुम्हाला दिसली नाही?” सासियाने विचारले.

“दिसली. मी ओळखली नाही. जुनं चित्र मागवायला हवं होतं, मागवलं नाही.”

सासियाने शिव्या दिल्या नाहीत. तिने शेदलीच्या पायात बूट चढवला, नाडी बांधली, आणि मग मान वर करून म्हणाली, “मी दर वेळेला सांगत होते, ताडून पाहायचं. दर वेळेला. तुम्ही सगळे मान हलवत होतात.”

दोन आठवड्यांत शस्त्रक्रिया झाली. पाय वाचला. गाठ पूर्ण निघाली, पण मज्जातंतूचा एक फाटा तिच्याबरोबर गेला. शेदलीचे उजवे पाऊल आता खाली लोंबते. प्लॅस्टिकचा आधार बांधून तो रस्त्यावर चालतो, पण समुद्रात नाही. ओली वाळू पाऊल धरून ठेवते आणि त्याला ते सोडवता येत नाही. मडक्यांचे दोर आता सासिया आणि तिचा भाऊ ओढतात. शेदली काठावर बसून मडकी खरवडतो आणि दोर दुरुस्त करतो. त्याला ते आवडत नाही, आणि आवडत नाही हे तो सगळ्यांना सांगतो. गाठ हरभऱ्याएवढी असतानाच काढली असती तर मज्जातंतू वाचला असता, असे शल्यविशारद म्हणाले. बहुतेक वाचला असता. हा ‘बहुतेक’ मला आजही बोचतो.

काही बदल झाले, नाही असे नाही. शस्त्रक्रियेनंतरचे चित्र डॉक्टर मुनसिफ आता जुन्या चित्राशिवाय वाचायला घेत नाहीत. त्यावरून वरिष्ठांशी त्यांचे दोनदा भांडण झाले. अहवालातली महत्त्वाची ओळ ते आता सगळ्यांत वर लिहितात. फेथी प्रत्येक सीडीवर जाड पेनाने स्वतः लिहितो: ‘पुढच्या वेळी आणा. झाडाला टांगू नका.’ लोक हसतात, पण आणतात. आणि वहीदा काही म्हणाली तर डॉक्टर खुर्ची वळवून ऐकतात.

पण माझा वैताग गेलेला नाही. जुने संगणक अजून तळघरातच आहेत आणि त्यांच्यात चार वर्षांत येऊन गेलेल्या माणसांची चित्रे पडून आहेत. डाय दोन महिने येतो, तिसऱ्या महिन्यात येत नाही. गेल्या आठवड्यात गाबेसहून एक शिक्षिका आल्या, दंडातली गाठ काढलेल्या. त्यांच्याकडे जुने चित्र नव्हते. वहीदाने तळघराची किल्ली मागितली. किल्ली ज्याच्याकडे असते तो रजेवर होता. मी त्यांच्या दंडाचे चित्र काढले, जमेल तितके स्वच्छ, आणि ते एकटेच पडद्यावर लागले.

मित्रांनो, आत्मवृत्ताच्या शेवटी आमच्यासारखे जुने लोक ‘आम्हाला जपा’ असे सांगतात. मला पुसू नका, माझ्यावर फुले वाहू नका. मला थंड ठेवा तेवढे पुरे. जपायचे ते मी काढून दिलेले चित्र जपा. तुमच्या घरात कोणाची गाठ काढली असेल, तर त्यांचे कागद आणि चित्रे एका पिशवीत ठेवा, आणि तुम्ही मोठे झालात, डॉक्टर झालात किंवा खिडकीवर बसलात, तर समोरच्या माणसाला आधी विचारा, जुने कुठे आहे? आणि एखादी वहीदा ‘मला वाटतं’ म्हणाली तर तिला पुढचे वाक्य बोलू द्या.

शेदली या फेब्रुवारीत आला होता. सासियाच्या पिशवीत तीन सीड्या होत्या, प्रत्येक वेगळ्या फडक्यात. मी त्याला पाहिले. डॉक्टर मुनसिफांनी त्याला काचेपलीकडच्या खोलीत बोलावून खुर्ची दिली आणि दोन चित्रे शेजारी लावली.

“हे शस्त्रक्रियेनंतरचं मूळ. हे आजचं.”

शेदलीने डोळे बारीक करून बराच वेळ पाहिले. “दोन्ही सारखीच दिसतात मला.”

“सारखीच आहेत.”

“मग एवढ्यासाठी समुद्र ओलांडून बोलावलंत?”

“एवढ्यासाठीच,” डॉक्टर म्हणाले.

सासिया थोडी रडली आणि ओढणीने तोंड पुसून फेथीकडे पुढची तारीख घ्यायला गेली. जूनची बारा मिळाली. छतावर माझे शीतयंत्र कालपासून पुन्हा घरघरते आहे. सुट्या भागासाठी राजधानीला पत्र गेले आहे.